शुक्रवारी मला दिसलं होतं

आई, शाळेत तुला बाई म्हणायचं आणि घरी आई, हा तुझा नियम मी चौथीपर्यंत चुकू दिला नाही. आज कागदावर काय लिहावं यातच दोनदा खाडाखोड झाली. सांगायचं आहे ते खरं तर बाईंना, पण बाईंपुढं मला कधी धड बोलता आलं नाही, म्हणून आई. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. सकाळपासून तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा उठले. एकदा कपाट आवरलं, एकदा धुतलेले कपडे पुन्हा भिजवले, एकदा नुसतीच गच्चीवर जाऊन आले. रविवार आहे, शाळा नाही, मुलगा पुण्याला, यांना दुपारची झोप लागते. घरात कुणी काही विचारणारं नाही आणि नेमकं त्यामुळंच बसवत नाही. माझं काम काय हे तुला सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा मी नुसती शिक्षिका होते. आता त्याच मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. नऊशे मुली, अठ्ठावीस शिक्षक, चार शिपाई. यातल्या एका शिक्षिकेबद्दल लिहायचं आहे, आणि माझ्याबद्दल.

गेल्या डिसेंबरात आमचं गॅदरिंग होतं. मधली काही वर्षं झालंच नव्हतं. आधी कोरोना आला, तो तू पाहिला नाहीस, बरं झालं. नंतर इमारतीची दुरुस्ती निघाली. त्यामुळं त्या वेळी सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. सहावीच्या अकरा मुलींचा नाच आमच्या मराठीच्या शिक्षिकेनं बसवला होता. तिशीची पोरगी, बिद्रीकडची सून, लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिलेले आणि सातवा महिना. मी तिला म्हटलं होतं, यंदा नाच राहू दे. ती म्हणाली, "बाई, मी कुठं नाचतोय? खुर्चीत बसून टाळ्या तर वाजवतोय की." कोल्हापूरच्या पोरी 'मी करतो, मी जातो' म्हणतात म्हणून तू वर्गात डोक्याला हात लावायचीस. आता शिक्षिकासुद्धा तशाच बोलतात, आणि मी कुणाला सुधारत नाही. शुक्रवारी दुपारी रंगीत तालीम. मी हॉलमध्ये गेले तर नाचात मधोमध उभी राहणारी मुलगी भिंतीला टेकून पाणी पीत होती. तिचा चेहरा मला नेहमीपेक्षा लाल वाटला. मी तिची वेणी बाजूला केली आणि मानेवर हात ठेवला. अंग कोमट होतं, आणि कानाच्या खाली तीन फोड होते. दोन नुसते लाल, तिसऱ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब.

तिची आई तिथंच होती, नऊवारीला टाके घालत बसलेली. मी तिला जवळ बोलावून विचारलं, हे काय आहे. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, सुईत दोरा ओवत म्हणाली, "काय न्हाय वो बाई, डास चावल्यात. आमच्याकडं लई डास हायत." मी विचारलं, ताप आहे का. "नाचून नाचून अंग तापलंय तिचं." मग दोरा तोंडात धरून, हळू आवाजात, "बाई, महिनाभर प्रॅक्टिस केलीया पोरीनं. उद्याच्या दिवस जाऊ द्या." मुलगी आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती. आई, डास कुठं चावतो आणि कांजिण्या कशा उठतात हे मला कळत नव्हतं असं नाही. तुझ्या हाताखाली वाढलेली मी. शिवाय कोरोनानंतर परिपत्रकांची फाईल हातभर जाड झालीय. लक्षणं दिसली की मुलीला वेगळं बसवा, पालकांना बोलवा, घरी पाठवा. त्यातला एक कागद माझ्याच सहीनं दारावर चिकटवलेला आहे. पण पाहुणे ठरले होते, संस्थेची माणसं येणार होती, मधली मुलगी काढली तर नाच कोसळणार होता. मी म्हटलं, "उद्या अंग कडक तापलं तर पाठवू नका." कडक. वाढप्यानं भाताबद्दल सांगावं तसं मी सांगितलं आणि खाली ऑफिसात जाऊन खुर्च्या किती आल्या ते बघितलं.

शनिवारी चारला कार्यक्रम. मुलगी आली. अडीच वाजता सहावी अ चा वर्ग मेकअपची खोली झालेला आहे. मी दारात उभी आहे. शिक्षिका खुर्चीत बसली आहे, पोट पुढं, पाय स्टुलावर, आणि अकराही मुली एकेक करून तिच्या गुडघ्यांमध्ये येऊन उभ्या राहतात. ती प्रत्येकीची हनुवटी हातात धरते, चेहरा आपल्या चेहऱ्याजवळ ओढते, पावडर लावते, डोळ्यांत काजळ घालते. मधली मुलगी येते. शिक्षिका तिच्या कपाळावर दोन फोड बघते आणि म्हणते, "तारुण्यपीटिका लौकर आल्या की गं," आणि त्यावर फाउंडेशनचा जाड थर देते. मग काजळ पसरलं म्हणून स्वतःच्या पदराचं टोक जिभेनं ओलं करून तिच्या डोळ्याखाली पुसते. मी दारातच आहे. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. तेवढ्यात शिपाई म्हणाला, पाहुणे फाटकात आले, आणि मला सुटल्यासारखं झालं. हे सुटल्यासारखं वाटणं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नाच सुंदर झाला. वन्स मोअर मिळाला.

आता तुझी गोष्ट. तुला माहीत असलेलीच, पण मला काय माहीत होतं ते तुला ठाऊक नाही. मी तिसरीत होते, तुझ्याच वर्गात. बाबांच्या ऑपरेशनला तुझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या आणि साहेबांची तपासणी आली होती. मला दोन दिवस ताप, डोळे लाल, नाक वाहतंय. तू मला लांब बाह्यांचा झगा घातलास, बोट धरून शाळेत नेलंस आणि मागच्या बाजूला मुलांना खाऊ म्हणून वाटायच्या सुकडीची पोती ठेवायची खोली होती तिथं पोत्यांवर निजवलंस. सांगितलंस, बाहेर यायचं नाही, कुणी विचारलं तर पोट दुखतंय म्हणायचं. खोलीत गव्हाचा भाजका गोड वास होता, तो मला आजही सहन होत नाही. मधल्या सुट्टीत माझी मैत्रीण मला शोधत आली. पुढच्याच गल्लीत राहायची, तिचे वडील सायकली दुरुस्त करायचे. ती पोत्यावर माझ्या शेजारी आडवी झाली, आम्ही मूठ मूठ सुकडी खाल्ली. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगभर गोवर उठला. तपासणी चांगली झाली, तुला शेरा चांगला मिळाला. दोन आठवड्यांनी मैत्रिणीला गोवर आला, आणि तिच्यापाठोपाठ तिच्या नऊ महिन्यांच्या बहिणीला. बहीण गेली.

मला कुणी काही सांगितलं नाही. एवढंच कळलं की तू दर गुरुवारी डबा घेऊन त्या गल्लीत जायला लागलीस आणि मला सोबत नेत नव्हतीस. आणि शाळेच्या दारात उभी राहायला लागलीस. सकाळी पावणेसातला, पावसात छत्री घेऊन, प्रत्येक पोराच्या कपाळाला उलटा हात लावून आत सोडायचीस. गरम लागलं की सरळ घरी. पालक भांडायचे, तू ऐकायची नाहीस. लोक तुला हात लावणाऱ्या बाई म्हणायला लागले. तुझ्या निरोपसमारंभात तीन भाषणं झाली आणि तिन्हींत तो हात आला. या बाईंनी किती लेकरं वाचवली असतील याची गणती नाही, असं एक जण म्हणाले. तू मान खाली घालून पदराची किनार चोळत होतीस. लोकांना तो विनय वाटला. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि मला तुझा राग येत होता.

तो राग जुना होता. तुझ्या निवृत्तीच्या कितीतरी आधी मी तुला एकदा विचारलं होतं, आठवतं का? मी नुकतीच नोकरीला लागले होते. तू स्वयंपाकघरात भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी तू कधी सांगितलंस का, की मला ताप असताना तू शाळेत आणलं होतंस? तुझा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि मग म्हणालीस, "काय सांगू? माझी पोरगी जगली, तुमची गेली, असं सांगू?" मी म्हटलं, पण मग रोज दारात उभं राहून काय उपयोग. तू वळून माझ्याकडं पाहिलंस. "उपयोगासाठी उभी राहत नाही मी. मला आत बसवत नाही म्हणून उभी राहते. शहाणपणा शिकवू नकोस. जेवायला बस." त्यानंतर आपण हे कधी बोललो नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझ्या हातून असलं काही होणार नाही, कारण मी तुझ्यासारखी लपवणारी नाही. पंचवीस वर्षं मी ते खरं धरून चालले.

गॅदरिंगनंतरच्या सोमवारी मधल्या मुलीच्या आईचा फोन आला. कांजिण्याच निघाल्या, डॉक्टरनं आठ-दहा दिवस घरी ठेवा म्हणून सांगितलंय. मी बरं म्हटलं. सहावी अ च्या वर्गशिक्षिकेला सांगितलं, मुलगी आजारी आहे, येणार नाही. काय आजार हे बोलले नाही. एकच तर मुलगी आहे, असं मी मनात म्हणत होते, आणि खरं कारण हे की कांजिण्या म्हटलं की कुणीतरी विचारलं असतं, शनिवारी अंगावर काही दिसत नव्हतं का. तो आठवडा गेला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी नाचातल्या दोन मुलींना फोड आले, तेव्हा मी आमच्या शाळेला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, आणि मग, "स्टाफमध्ये कुणी गरोदर आहे का?" माझ्या हातात पेन होतं, ते मी टेबलावर नीट आडवं ठेवलं. आहे म्हटलं. त्यांचा आवाज बदलला. गरोदरपणात हा आजार फुफ्फुसात उतरू शकतो, त्यांना लहानपणी होऊन गेलाय का विचारा. आणि शेवटचा संपर्क कधीचा? मी बोटांवर मोजलं. शनिवारपासून बारावा दिवस. त्या म्हणाल्या, "एक इंजेक्शन असतं, दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, सोमवारी. "या आठवड्यातल्या?" मी म्हटलं, नाही, त्याच्या आधीच्या. "मग तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई." मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं नाही. शुक्रवार मी गिळून टाकला.

शिक्षिकेला मी वर्गातून बोलावून घेतलं. तिनं तिच्या आईला फोन लावला, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का विचारलं. "न्हाय बाई, धाकट्याला आल्यावर मला मामाकडं धाडलं होतं," ती हसत म्हणाली, आणि माझं तोंड बघून तिचं हसू गेलं. त्याच संध्याकाळी ती तपासायला गेली. रविवारी तिला ताप आला, मंगळवारी अंगभर फोड, शुक्रवारी श्वास लागला म्हणून अतिदक्षता विभागात नेलं. मी रोज शाळा सुटल्यावर तिथं जात होते. आत सोडत नव्हते. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची, बाकावर बसायला जागा असली तरी. तिचा नवरा मला दर वेळी सांगायचा, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतासा, घरी जावा." सहाव्या दिवशी कळा सुरू झाल्या आणि मुलगी झाली, दीड महिना आधीच. पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिच्यात आजार उतरला नव्हता. शिक्षिकेचा ऑक्सिजन आणखी आठ दिवस चालला. या दिवसांत मी शाळेत काय काम केलं ते मला सांगता येणार नाही. सह्या मात्र रोजच्या रोज केलेल्या दिसतात.

दोघी घरी गेल्या तेव्हा सगळे म्हणाले, सुटलो. संस्थेचे लोकही म्हणाले, तुमची काय चूक, एका मुलीवरून कोण कशाला गाजावाजा करतं. शिक्षिकेनं तर मला फोनवर सांगितलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी लगेच पाठवलंत म्हणून दवाखाना गाठला." लगेच हा शब्द ऐकल्यावर मला झोप लागेना. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी एकटीच बिद्रीकडं निघाले. कारखाना सुरू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, एस.टी. मुंगीच्या चालीनं. एकदा वाटलं, उतरावं आणि समोरून येणाऱ्या गाडीनं परत जावं. घर रस्त्याला लागूनच होतं. तिच्या सासूबाईंनी, "या बाई, बसा की," म्हणून पाट दिला, मग माझ्याकडं बघून खुर्ची आणली. शिक्षिका खाटेवर बसली होती, गालांवर आणि कपाळावर खड्डे राहिलेत. मांडीवर मुलगी, टोपरं डोळ्यांपर्यंत. मी टोपऱ्याची चौकशी केली, दुधाची केली, लसींची केली. मग एकदम सांगून टाकलं. शुक्रवारी तालमीला मला मधल्या मुलीच्या मानेवर फोड दिसले होते. ते काय आहे हे मला कळलं होतं. गॅदरिंग मोडू नये म्हणून मी गप्प बसले.

शिक्षिका बराच वेळ टोपऱ्याची नाडी बांधत होती, सोडत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "शनिवारी तुम्ही दारात उभ्या होता. मला वाटलं मेकअप बघाय आलाय." बस, एवढंच. मी वाट बघत होते की ती रडेल, ओरडेल. तिनं मुलीला मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं. सासूबाई उंबऱ्यात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप माझ्या हातात दिला आणि अगदी साध्या आवाजात, जणू साखर पुरे का विचारावं तसं, म्हणाल्या, "पोर जगली म्हणून सांगाय आलासा बाई. गेली असती तर आला असता काय?" शिक्षिका सासूबाईंना म्हणाली, "आत्ती, राहू दे," आणि मला, "चहा घ्या बाई, गार होतोय." मी चहा घेतला. मुलीच्या हातावर टेकवायला आणलेलं झबलं पिशवीतून बाहेर काढलंच नाही, तसंच परत आणलं.

पुढं काय झालं ते लिहिते, मग थांबते. मी संस्थेला लेखी कळवलं, शुक्रवारपासूनचं सगळं. त्यांनी सांगितलं, बाई, कागदावर कशाला. मी कागद मागं घेतला नाही. त्यांनी तो फाईलला लावला आणि फाईल कपाटात गेली. ताप आलेल्या मुलीला बसवायला खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी केली. साथीत कुणाला जास्त जपायला हवं, गरोदर कोण, औषधं कुणाला चालू, याची यादी माझ्याकडं असते, आणि कुठल्याही वर्गात एक मुलगी जरी आजारी पडली तरी त्या यादीतल्यांना पहिला फोन माझा जातो. शिक्षकांपैकी कुणाचं लेकरू आजारी पडलं तर रजा शिल्लक आहे का हे मी आधी विचारत नाही, आधी घरी पाठवते. त्या वेळी बाबांच्या ऑपरेशनला रजा संपल्यावर तू माझ्या तापासाठी तुझ्या साहेबांकडं एक रजा मागितली होतीस आणि मिळाली नव्हती, हे मी इतकी वर्षं हिशेबातच धरलं नव्हतं. शिक्षिका जुलैत परत आली. छान शिकवते. माझ्याशी कामापुरतं बोलते, आदरानं बोलते, आणि काम संपलं की एक क्षणही थांबत नाही. यंदा नाच बसवशील का असं मी विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही.

हे कागद पाठवायला पत्ता नाही आणि कुणाला वाचायला द्यावेत असं माणूस नाही. उद्या सोमवार, पावणेसातला निघायचं आहे. पण उठण्याआधी एक राहिलंय. त्या सासूबाईंना मी उत्तर दिलं नाही, आणि त्या पुन्हा विचारणार नाहीत. इतके महिने मी मनाशी वेगवेगळी उत्तरं जुळवत बसले आहे, वेळ लागला असता पण गेले असते, पत्र तरी लिहिलं असतं, निदान नवऱ्याला तरी सांगितलं असतं. तू दर गुरुवारी डबा घेऊन गेलीस आणि सांगितलं नाहीस, म्हणून मी तुला भित्री म्हणत आले. मी तर डबा घेऊनसुद्धा गेले नसते, आई.